आवडाक्काचा खटला

मी लिहिलेल्या सगळ्या नायिकांनी नायकाला पहिल्याच भेटीत खताच्या खड्ड्याबद्दल विचारलं आहे. यात माझा दोष नाही आणि त्या बिचाऱ्या मुलींचा तर मुळीच नाही. आमच्या साहेबांचा तसा आग्रह होता. नायिका लाजली तरी चालेल, पण लाजता लाजता तिनं संदेश द्यायला हवा, असं ते म्हणत. त्यामुळे माझ्या प्रेमिकांनी चांदण्यात बसून सोनखतावर चर्चा केली, एका विरहिणीनं नवऱ्याला पाठवलेल्या निरोपात अल्पबचतीचे फायदे सांगितले, आणि एका खलनायकानं मरताना शोषखड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली सांगूनच प्राण सोडला. प्रेक्षक त्या वेळी हसले. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'प्रेक्षकांनी विषय उत्साहाने स्वीकारला.'

आता दिवाळी अंकासाठी 'लोकरंजनातून प्रबोधन' या भारदस्त विषयावर मी काही लिहावं असा आग्रह झाला आहे. त्या विषयावरचं माझं मत वरच्या परिच्छेदात संपलं. पण आवडाक्काची हकिगत कुठेतरी लिहून ठेवायला हवी असं बरीच वर्षं वाटत होतं, म्हणून हा खटाटोप.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत आमचं कलापथक होतं. कलापथक म्हणजे पाच-सहा कलावंत, एक पेटी, एक ढोलकी, दोन पडदे आणि चढावर कण्हणारी एक मोटार. सरकारनं काही नवं ठरवलं की ते आम्ही गावोगाव जाऊन नाचून-गाऊन सांगायचं. मी त्यातला लेखक. पूर्वी शाळेवर होतो म्हणून सगळे मास्तर म्हणत. पिंपरी-चिंचवड असं जोडून तेव्हा कुणी म्हणत नव्हतं. पिंपरी वेगळी, चिंचवड वेगळं, आकुर्डीत ज्वारी उभी असायची आणि चाकण म्हटलं की कांदा आठवायचा. पिंपरीच्या माळावर एका मोठ्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि आमची मोटार तिथून गेली की ड्रायव्हर हमखास म्हणायचा, "मास्तर, हितं उद्या माणूस मावायचा न्हाई." आम्ही त्याला वेड्यात काढत असू.

या धंद्याचं मर्म बाहेरच्या माणसाला सांगायचं तर ते तीन दगडांच्या चुलीसारखं आहे. एक दगड संदेशाचा, एक पात्राचा, एक कल्पनेचा. एक उंच झाला की वरचं भांडं कलंडतं. संदेश साहेबांना हवा असे, पात्र नटाला हवं असे, आणि कल्पना मला, कारण लेखकाला मिरवायला दुसरं काही नसतं. तिघंही आपापला दगड वर सारत असू. बहुतेक वेळा गावकऱ्यांच्या पानात जे पडे ते कच्चंच असे, पण फुकटचं म्हणून ते खाऊन घेत.

आमच्या पथकातला खरा नट एकच, कोंडिबा. जुन्नरकडचा, तमाशातला जुना सोंगाड्या. फड मोडला तेव्हा बायकोला घेऊन कासारवाडीत रेल्वेफाटकाजवळ एका खोलीत येऊन राहिला आणि आमच्याकडे हंगामी म्हणून लागला. हंगामी म्हणजे दर तीन महिन्यांनी मुदत संपायची आणि साहेबांच्या मर्जीनं वाढायची. मीही हंगामीच होतो, पण मला शाळेत परत जाता आलं असतं. कोंडिबाला परत जायला फड उरला नव्हता. कायम व्हायचं, एवढीच त्याची इच्छा होती. मला म्हणायचा, "मास्तर, फडात मानूस लोकास्नी हसवून हसवून म्हातारा व्हतो. आन् मंग त्येला बघून कुनी हसत बी न्हाई. सरकारात तसं नसतंय. सरकारात म्हाताऱ्याला बी पगार असतोय."

अशात हिवतापाचा विषय आला. घराच्या भिंतींवर औषध फवारायचं, डास भिंतीवर बसला की मरायचा, इतकं ते सोपं होतं. अडचण एकच. फवारल्यावर भिंत सारवली की औषध मातीखाली जायचं आणि डास सुखानं वर बसायचे. म्हणून संदेश दोन ओळींचा होता: औषध मारू द्या, आणि मग काही महिने भिंतीला हात लावू नका. चाकण रस्त्याच्या बाजूच्या गावांत फवारणीसाठी वरून दिवस ठरून आले होते. ते नेमके पितृपंधरवड्यातले.

आता नवरात्र तोंडावर आलं की त्याच पंधरवड्यात घरोघर भिंती खरवडून पांढऱ्या मातीनं सारवतात, हे आमच्या कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. साहेबांना ठाऊक होतं, हेडक्लार्कला ठाऊक होतं, मला होतं, शिपायाला होतं. प्रत्येकाच्या घरी आई किंवा बायको होती. पण फवारणीचे दिवस ठरवणं हे आरोग्य खात्याचं काम, आणि आमचं काम प्रचाराचं. खात्याबाहेरची गोष्ट माहीत असली तरी माहीत नसल्यासारखं बसणं हे सरकारी नोकरीतलं पहिलं कौशल्य आणि ते आम्हाला उत्तम साधलं होतं.

मी लोकनाट्य लिहिलं. त्यात आवडाक्का नावाची एक अडाणी बाई औषधावरून भिंत सारवते, तिच्या पोराला हिवताप येतो, आणि एक डॉक्टर इतकं लांब भाषण करतो की तेवढ्यात रोगी आपोआप बरा व्हावा. शेवटी आवडाक्का 'माझी चूक झाली' म्हणते. आवडाक्का कोंडिबा करणार होता. तमाशात मावशीचं सोंग तो वर्षानुवर्षं करत आला होता. कमरेला लुगडं गुंडाळलं की त्याचा चालण्याचा ढंगच बदलायचा.

संहिता त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाला, "मास्तर, ही बाई येडी हाय असं तुमी लिवलंय. पन येडं मानूस सोताला येडं समजत न्हाई. तिला भित का सारवायचीय, ते तिला बोलू द्या की."

"काय बोलेल ती?"

तो उठला, कमरेवर हात ठेवला, आणि कचेरीच्या फायलींच्या कपाटासमोर आवडाक्का उभी राहिली. "अवो, वर्साचा सन. घट बसायचा. देवी घरात पाऊल टाकनार आन् भितीवरचे वघळ बघून म्हननार, आवडे, तुझ्या घरात येवढं कोन थुकून गेलं गं? मी काय सांगू तिला? सरकार थुकून गेलं म्हनून?"

हेडक्लार्क हसता हसता पाणी प्यायला उठला. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "हे वाक्य काढा. यातून विरुद्ध संदेश जातो." मग कोंडिबाला बाजूला घेऊन समजावलं, की या प्रयोगाला आरोग्य खात्याचे वरिष्ठ येणार आहेत. संहितेप्रमाणे नीट पार पडलं तर तुझा कायम करण्याचा कागद मी स्वतः पुढे पाठवीन. संहितेबाहेर एक शब्द गेला तर मुदत वाढणार नाही. कोंडिबानं दोन्ही हात जोडले.

आणि मग मी माझा दगड वर सारला. मला कल्पना सुचली. शेवटी आवडाक्कावर खटला भरायचा, आणि न्याय द्यायला त्या त्या गावचे खरे पंच रंगमंचावर बसवायचे. पंचांच्या हाती आधीच कागद द्यायचा, त्यात 'आवडाक्का दोषी' असा निकाल लिहिलेला. त्यांनी तो वाचायचा, टाळ्या, राष्ट्रगीत. साहेब खूश झाले. 'जनतेचा सहभाग' हे शब्द त्यांना अहवालासाठी बरेच दिवस हवेच होते.

पहिला प्रयोग इंद्रायणीच्या पलीकडे, चाकणच्या वाटेवरच्या एका गावात होता. गावाचं नाव लिहीत नाही. साहेबांना रात्रीचा प्रवास मानवत नसे, म्हणून दुपारी चारला देवळासमोर खेळ लावला. एका बाजूला गडी, एका बाजूला बायका, मध्ये खुर्चीवर साहेब आणि आरोग्य खात्याचे वरिष्ठ. मी पंचांना आदरानं वर बसवलं. पंचांत मुख्य आण्णा पाटील होते, पिकल्या मिशांचे आणि कमी बोलणारे. रिकाम्या हातानं कसं बसवायचं म्हणून मी प्रत्येकाला उपरणं दिलं, गंध लावलं आणि हातात नारळ दिला.

चूक झाली ती इथे. शहरातल्या नाटकात नारळ हा नाटकाचा असतो. गावात चार लोकांसमोर मान देऊन पंचाच्या हाती नारळ ठेवला की पंचायत बसली. मग तिथे सोंग उरत नाही. हे मला कळायला हवं होतं, पण कल्पनेच्या नादात सुचलं नाही. आण्णा पाटलांना मी निकालाचा कागद दिला. त्यांनी तो न उघडता टोपीत ठेवला. जन्मभर बांधाचे आणि वाटण्यांचे तंटे मिटवलेला माणूस दुसऱ्यानं लिहिलेला निकाल दोन्ही बाजू ऐकून घेण्याआधी कशाला वाचेल?

खेळ चांगला चालला. डॉक्टरचं भाषण लोकांनी शांतपणे सोसलं. हिरवं लुगडं नेसून, कमरेवर पांढऱ्या मातीची पाटी घेऊन कोंडिबा आला आणि बायकांत हशा पिकला. तो संहितेला धरून होता. एक शब्द इकडे-तिकडे नाही. साहेब मान डोलावत होते. खटला उभा राहिला, सरकारी वकिलानं आरोप वाचला आणि आवडाक्का मान खाली घालून म्हणाली, "माझी चूक झाली."

इथे पाटलांनी कागद काढायचा होता. ते कोंडिबाकडे पाहत राहिले.

"कुनी सांगितलं चूक झाली म्हनून?" ते म्हणाले. "आरोप ह्यांनी वाचला. तुजं म्हननं काय, ते आमी ऐकलंच न्हाई."

संहितेत पुढे काहीच नव्हतं. कोंडिबा पुन्हा म्हणाला, "चूक झाली, पाटील."

"त्ये बाजूला ठेव. भित का सारवलीस, ते बोल."

बायकांच्या बाजूनं आवाज आला, "बोल गं आवडाक्का. घाबरू नगंस."

कोंडिबानं विंगेत माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बोट वर करून नाही म्हटलं, सगळ्या गावाला दिसेल असं. कायम नोकरीचा कागद त्या बोटाच्या टोकाला होता, हे तिथे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं. कोंडिबानं कमरेवरची पाटी खाली ठेवली, पदर सारखा केला, बायकांकडे तोंड केलं आणि बोलायला लागला.

देवीचं वाक्य तर आलंच. पुढे जे आलं ते त्यानं आधी कधीच केलं नव्हतं. "पोराला ताप यावा असं कंच्या आईला वाटतंय? मारा की औशद. मी कवा न्हाई म्हनलं? पन वर्साकाठी माज्या हातात एक भित हाय. शेत सासऱ्याचं, बैल नवऱ्याचे, दुभतं सासूचं. भित तेवढी माजी. ती सनाला पांढरी दिसावी, येवढंच माजं म्हननं." एक म्हातारी पदरानं डोळे पुसताना मी पाहिली. इतकी वर्षं सरकारसाठी लिहिलं, पण असं एक वाक्य माझ्या हातून उतरलं नाही, आणि त्याचा मला अजून हेवा वाटतो.

आण्णा पाटलांनी मान हलवली आणि साहेबांना हाक मारली. "सायेब, जरा वर या. तुमची बी साक्ष पायजे."

साहेबांना उठावंच लागलं. वरिष्ठ बघत होते.

"औशद दसऱ्याच्या तोंडावरच का मारायचं?"

"वरून कार्यक्रम ठरून आला आहे," साहेब म्हणाले.

"वर कुनाच्या घरी घट बसत न्हाईत व्हय?"

"बसतात. माझ्याही घरी बसतात."

"मग तुमची भित?"

साहेब मुळात खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते, फक्त अहवाल लिहिणारे होते. ते पुटपुटले, "कालच चुना मारून झाला." यावर जो हशा झाला तो थांबेपर्यंत ढोलकीवाला विडी ओढून आला.

पाटलांनी शेजारच्या पंचांशी विचार केला आणि उभे राहिले. "ह्या खटल्याचा निकाल आज द्येता येत न्हाई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी तारीख. तवर भिती सारवून व्हतील, घट उठतील. मंग सरकारनं औशद मारावं, आन् आरोपी बाईनं हितं हजर ऱ्हाऊन कबूल करावं की दिवाळीला जमीन सारवीन, भितीला हात लावनार न्हाई." टोपीतला माझा निकाल तसाच राहिला. राष्ट्रगीत झालं.

दुसऱ्या दिवशी फवारणीची टोळी पंप घेऊन त्या गावात गेली तर एकही दार उघडेना. विचारलं तर उत्तर आलं, खटला चालू हाय. टोळीच्या मुकादमानं तसं लिहून कळवलं आणि तो कागद वरून खाली फिरत आमच्या कचेरीत आला. कोंडिबाची मुदत संपायला थोडेच दिवस होते. ती वाढली नाही. मी त्याच्या बाजूनं एक टिपण लिहून दिलं. समास सोडला नाही म्हणून ते परत आलं. समास सोडून पुन्हा दिलं, तेव्हा विषय निकाली निघाला होता.

मी कासारवाडीला त्याच्या खोलीवर गेलो. त्याची बायको भांडी गोणत्यात बांधत होती. मी दारातच उभा राहिलो. तोच म्हणाला, "मास्तर, तुमी कशाला तोंड पाडता? पंचांनी तारीख दिलीया. मला दसऱ्यापत्तुर काम हाय." तो मला हसवतो आहे असं वाटलं, आणि मी हसलोही. त्यानंतर तो दिसला नाही. जमाखर्चाच्या तपासणीत एक हिरवं लुगडं कमी भरलं आणि त्याबद्दल मला पुढे कितीतरी दिवस खुलासे विचारले जात होते.

फवारणीचं मात्र गंमतशीर झालं. बाकीच्या गावांत औषध वेळेवर मारलं गेलं आणि आठवड्याच्या आत बायकांनी त्यावर पांढरी माती फिरवली. राहिलेलं गाव म्हणून टोळी या गावात दसऱ्यानंतर पुन्हा गेली, तेव्हा सगळी दारं उघडी होती. त्या टापूत औषध टिकलं ते याच एका गावात. साहेबांच्या अहवालात कारण होतं: 'अधिकाऱ्यांनी रंगमंचावरून केलेले प्रभावी आवाहन.' त्यांना बढती मिळाली. मला वाईट वाटलं नाही, कारण साक्ष तर त्यांनी खरोखरच प्रभावी दिली होती.

दोन-तीन वर्षांनी नव्या साहेबांनी शोषखड्ड्याचं लोकनाट्य घेऊन मला पुन्हा त्याच गावात पाठवलं. दसऱ्याचा दुसरा दिवस होता. माझ्या ध्यानात काहीच नव्हतं. चावडीच्या भिंतीवर औषधाचे वाळलेले ओघळ अजून दिसत होते. बाकीची घरं पांढरीशुभ्र, ती एवढीच भिंत तशी ठेवलेली.

आण्णा पाटील ओट्यावर बसले होते. मी खेळाचं म्हणालो तर म्हणाले, "आज न्हाई जमायचं, मास्तर. आज आमचा खटला असतोय. बसा, तुमी बी बगा."

देवळासमोर गाव जमलं. पंच बसले, त्यांना नारळ दिले गेले. आणि देवळामागून हिरवं लुगडं नेसून, कमरेवर पाटी घेऊन आवडाक्का आली. कोंडिबा वाळला होता, एक दात पडला होता, पण चाल तीच. त्यानं मला पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि भर सभेत म्हणाला, "ह्ये आमचं लिवनारं. लुगड्याच्या तपासाला आलं जनू."

मग खटला चालला. आता त्यात भिंत नावालाच होती. बायका उठून आवडाक्कावर एकेक आरोप करायच्या आणि ते सगळे त्यांच्या नवऱ्यांना, सासवांना आणि तलाठ्याला लागू पडायचे. आवडाक्का प्रत्येकाचं उत्तर द्यायची. गाव पोट धरून हसत होतं, आणि ज्याला लागायचं तो खाली बघत होता. संदेश कोणता होता हे मला सांगता येणार नाही. माणसं घरी जाताना मात्र एकमेकांशी त्याबद्दलच बोलत होती.

शेवटी पाटील उठले आणि म्हणाले, "आरोपीला फुडल्या दसऱ्याची तारीख."

मी त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, "पाटील, ती पहिल्याच वर्षी कबूल झाली असेल ना? मग निकाल का देत नाही?"

"कबूल तवाच झाली," ते म्हणाले. "कुनी बलावलं नव्हतं, मोटार न्हाई, पेटी न्हाई. आळंदीवरनं एकला चालत आला, ह्ये लुगडं काखंत मारून. म्हनला, तारीख व्हती. अशा मानसाला निकाल दिऊन वाटंला लावायचं का? निकाल लागला की त्येचं हितं काय काम ऱ्हातंय? म्हनून आमी तारीख देतो."

गावानं त्या नवरा-बायकोला देवळामागे एक खोली दिली होती आणि सुगीला घरटी धान्य बांधून दिलं होतं, न्हावी-सुताराला देतात तसं. कोंडिबा लुगड्याची घडी घालत माझ्याशेजारी येऊन बसला. "कायम झालो, मास्तर," तो म्हणाला, आणि मग नेहमीच्या काळजीनं विचारलं, "तुमचं काय?"

माझी मुदत त्या महिन्याअखेर संपत होती.